तिरण्हू डोंगरावर, आईबरोबर

श्रावणातल्या एका रविवारी आई आपणहून म्हणाली, "लेण्यांवर जाऊ या का?" गेल्या चार वर्षांत तिनं कुठं जायचं नाव काढलं नव्हतं. मी कणीक तशीच झाकून ठेवली, छत्री घेतली आणि कोपऱ्यावरून रिक्षा बोलावली.

रिक्षावाल्याला मी पांडवलेणी सांगितलं. नाशकात सगळे तेच म्हणतात. आतल्या मोठ्या मूर्ती पाहून कधीतरी कुणाला पांडव आठवले असतील आणि नाव चिकटलं. आमच्या घरात मात्र आजोबांपासून 'त्रिरश्मी'च. अंबड लिंक रोड ओलांडेपर्यंत आई गप्प होती, मग पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "त्रिरश्मी म्हणायचं, दादा. डोंगराचं नाव आहे ते." त्यानं मान डोलावली. ते नाव डोंगरावरच्या लेखांत कोरलेलं आहे, 'तिरण्हु पवत' असं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृतात. मला ते त्रिरश्मीपेक्षाही आवडतं. घरातल्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटतं.

पायथ्याशी विहार आहे, पांढऱ्या घुमटाचा. श्रीलंकेत अनुराधापूरला जो महाबोधी वृक्ष आहे, त्याची फांदी २०२३ मध्ये इथं आणून लावली. आई तिथं हात जोडून उभी राहिली, जरा जास्तच वेळ. मग पायऱ्या. तिचा गुडघा दुखतो, म्हणून आम्ही वीस-पंचवीस पायऱ्या चढून थांबायचो. भुरभुर पाऊस होता. खाली मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकांची रांग, पलीकडं सिडकोची घरं, अंबडच्या कारखान्यांचे पत्रे. सगळं ओलं, सगळं राखाडी, आणि आमच्या दोन्ही बाजूंना गवत एवढं हिरवं, की त्याकडं पाहत दम खाणं जड जात नव्हतं.

"तुझा दादा इथं पळत चढायचा," आई म्हणाली. चार वर्षांत तिनं त्याचं नाव असं सहज घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दादा गेल्यावर त्याच्या विम्याचे पैसे आईच्या नावावर आले. मी एका पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरवर बसते, त्यामुळं ती ठेव मीच ठेवली. दरवर्षी मुदत संपली की मी फॉर्म घरी आणते, आई न बघता सही करते आणि व्याज मुद्दलात जाऊन पडतं. "तुला काही घ्यायचंय का त्यातून?" असं मी दरवर्षी विचारते. ती म्हणते, "राहू दे."

वर एकूण २४ लेणी आहेत, डोंगराच्या कमरेला एका ओळीत, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी. तोंडं उत्तरेकडं, त्यामुळं ऊन आत येत नाही. सगळ्यांत जुनं १९ नंबरचं, छोटंसं. सातवाहन कुळातल्या कन्ह राजाच्या काळी नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्रानं ते करवलं, असं तिथल्या लेखात आहे. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. त्या लेखातला शब्द आहे 'लेण'. मी धम्मलिपीचा, म्हणजे ब्राह्मीचा, वर्ग केला तेव्हा पहिल्यांदा जो शब्द कुणाच्या मदतीशिवाय वाचला, तो हा. ल ला डावीकडं आडवी रेघ लावून 'ले', मग 'ण'. आजही आपण तोच शब्द म्हणतो, त्याच अर्थानं, फक्त शेवटी अनुस्वार देऊन. त्या दिवशी वर्गातून घरी येताना बसमध्ये मी तो शब्द मनात शंभरदा म्हटला असेल.

आईला लिपी येत नाही. पण तिला ऐकायचं होतं. म्हणून मी तिला आधी १० नंबरच्या लेण्यात नेलं, कारण तिथलं मला तोंडपाठ आहे आणि ते माझ्या कामाचं आहे.

ते लेणं उषवदातानं करवलं. क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, हा जावई, दीनिकाचा मुलगा. लेखात तो स्वतःची बरीच थोरवी सांगतो. तीन लाख गाई दिल्या, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, नारळाची झाडं दिली. डहाणूची नदीही त्या यादीत आहे. हे सगळं मोठ्या माणसांचं असतं तसं. पण दुसऱ्या एका लेखात तो एकदम हिशेबाला बसतो, आणि तिथं मला तो माणूस म्हणून दिसतो. वर्ष ४२. त्यानं संघासाठी ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडं, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडं. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडनं जाताना लागतं तेच. २००० एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक दरानं. १००० दुसरीत, शेकडा पाऊण दरानं. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. हजारांच्या व्याजातून बाकीचा किरकोळ खर्च.

"करून बघ," मी आईला म्हटलं.

आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण भिशी तिनं पंधरा वर्षं चालवली. ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. दोन हजारावर महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा.

"दोनशे चाळीस," ती म्हणाली. "बरोबर बसतंय की गं."

बरोबर बसतं. एक कार्षापणही वर उरत नाही. मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा काउंटरवर होते, दुपारची वेळ होती, समोर कुणी नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणीतरी आधी विचार केला होता की वीस माणसांना वर्षाला काय लागेल, मग उलटं मोजून मुद्दल ठरवलं होतं. आजही आमच्याकडं एखादी म्हातारी येते आणि विचारते, महिन्याला औषधापुरते सुटतील एवढी ठेव किती ठेवू? ते अगदी हेच गणित आहे.

पुढं लेखात एक अट आहे. हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, त्यांची फक्त 'वढी' वापरायची. अपडिदातवा वढिभोजा. वढी म्हणजे वृद्धी, व्याज. आईच्या माहेरी नगरकडं धान्य उसनं घेऊन सवाई-दिडीनं परत करायचे, त्याला वाढीदिढी म्हणत. आई म्हणाली, "आमच्याकडं वाढीनं माणसं बुडाली. इथं वाढीनं कपडे दिले?" मी हो म्हटलं. तिनं त्या भिंतीला हात लावला, लेखाच्या जरा खाली, अक्षरांना न लावता.

त्याच ओसरीत एका खोलीच्या दारावर छोटा लेख आहे. ही खोली दक्षमित्रेचं दान. नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको. खोलीसाठी शब्द आहे 'ओवरक'. देवळाभोवतीच्या ओवऱ्या आठवल्या मला. आणि याच लेण्यात, दीडेकशे वर्षांनंतरचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाची उपासिका, जातीनं शक. तिनं गोवर्धनातल्या श्रेण्यांकडं ठेवी ठेवल्या. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीत २००० कार्षापण, तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीतही काही. कशासाठी, तर या विहारात आजारी पडणाऱ्या भिक्खूंच्या औषधांसाठी. 'गिलानभेसज' असा शब्द आहे. गिलान म्हणजे आजारी.

हे मी आईला सांगावं की नाही, असा प्रश्न पडला होता. दादाच्या आजारपणात सात महिने आम्ही दोघी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळत होतो. पण सांगितलं. आई म्हणाली, "बायकांनाच सुचतं हे." मला वाटतं, यात तथ्य आहे. उषवदाताला कपडे सुचले, तेही थोर आहे. पण रात्री कण्हणाऱ्या माणसाजवळ जो बसलेला असतो, त्यालाच औषधाची ठेव सुचते.

एक गोष्ट आईनं विचारली आणि मला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. उषवदाताचं आणि सातवाहनांचं वैर होतं ना? होतं. गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरातांचं राज्य संपवलं. 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, असं त्याचं वर्णन या डोंगरावरच आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला, गोदावरी-दारणा संगमाजवळ, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, नहपानाची. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. पैसा जिंकला, त्यावर आपलं नाव उठवलं. पण उषवदाताचं लेणं आणि त्याचा लेख मात्र तसाच राहू दिला. कुणी छिन्नी घेऊन ते नाव खरवडलं नाही. शत्रूचं दान त्याच डोंगरावर, चालत पाच मिनिटांवर. नवी पिढी ज्या गोष्टी शिकावी असं मला मनापासून वाटतं, त्यात ही एक आहे.

पाऊस वाढला तसे आम्ही १८ नंबरच्या चैत्यात शिरलो. तिथं कॉलेजची काही मुलं होती, स्तूपासमोर मांडी घालून बसलेली. दाराच्या वरच्या कमानीवर लेख आहे की हे दान धंभिक गावाचं आहे, आणि त्यात 'नासिककनं' असा शब्द आहे, नाशिकच्या लोकांचं. आपल्या गावाचं नाव एवढ्या जुन्या दगडावर आहे आणि ते इथं राजाच्या नावानं येत नाही, एका गावानं मिळून दिलेल्या दारासाठी येतं. आत खांबांवर भटपालिकेचा लेख आहे. तिनं हे चैत्यगृह पूर्ण करवलं. नदासिरी नावाच्या कुणी दाराजवळचा यक्ष आणि वेदिका, म्हणजे दगडी कठडा, करवला. एवढंच. नदासिरी कोण, कुणाची, काहीच नाही. तिनं तो यक्ष बघून समाधानानं मान हलवली असेल का, असं मला दरवेळी वाटतं.

मुलांनी त्रिसरण सुरू केलं. बुद्धं सरणं गच्छामि. तो गोल कमानीचा दगड आवाज परत देतो, त्यामुळं सातजणांचे सत्तर झाले. आई त्यांच्या मागं बसली आणि तिनंही सूर मिसळला. विहारात ती नेहमी पुटपुटते, इथं तिचा आवाज ऐकू येत होता. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि. आमच्या आजोबांनी नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह लहानपणी पाहिला होता, २ मार्च १९३० चा. दार उघडलं नव्हतं. आजोबा सांगायचे, "आपल्याला मग डोंगरानं आत घेतलं." दारात बसणारं कुणी नाही, कुणी विचारत नाही कोण तुम्ही. आई पंचशील संपेपर्यंत डोळे मिटून होती.

२० नंबरमध्ये मोठा बुद्ध आहे, बसलेला, अंधारात. या लेण्याची गोष्ट मला फार जवळची आहे. बोपकी नावाच्या यतीनं ते कोरायला घेतलं आणि अर्धवट राहिलं. 'बहुकाणि वरिसाणि', पुष्कळ वर्षं तसंच पडून होतं, असं लेखच सांगतो. मग यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची बायको, वासू, हिनं ते पुरं केलं. तिनं बोपकीचं नाव वगळलं नाही. सुरुवात त्यानं केली, असं आधी कोरवून घेतलं आणि मग स्वतःचं.

आई म्हणाली, "आता तीन नंबर राहिलं."

ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

३ नंबरचं लेणं या डोंगरावरचं सगळ्यांत देखणं. पुढच्या बाजूला खाली सहा धिप्पाड यक्ष आहेत, अर्धे जमिनीतून वर आलेले, आणि सगळ्या ओसरीचा भार त्यांनी खांद्यांवर घेतला आहे. आई म्हणाली, "दमले असतील." दार सांचीच्या तोरणासारखं कोरलेलं. आत मोठं दालन, भोवती भिक्खूंच्या खोल्या. याला देवीलेणंही म्हणतात.

ओसरीच्या भिंतीवर आधी दोन आज्ञा आहेत, गौतमीपुत्राच्या. पहिली १८ व्या वर्षाची. विजयी सैन्याच्या तळावरून त्यानं गोवर्धनच्या अमात्याला कळवलं की अपरकखडी गावातलं, आजवर उषवदाताकडं असलेलं २०० निवर्तनं शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दे. निवर्तन म्हणजे जमीन मोजायचं जुनं माप. दुसरी २४ व्या वर्षाची. ती वाचताना मला नेहमी थांबावं लागतं. राजा म्हणतो, आम्ही कखडी गावात जे शेत दिलं होतं ते कुणी कसत नाही, आणि ते गावही वसलेलं नाही. असं असताना, शहराच्या हद्दीवरच्या आमच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. म्हणजे दान देऊन काम संपलं नव्हतं. सहा वर्षांनी कुणीतरी जाऊन पाहिलं होतं की त्या भिक्खूंच्या हाती खरंच काही पडतंय का.

"कसायला माणूस नसेल," आई म्हणाली, "तर रान दिलं काय आणि न दिलं काय." तिच्या माहेरची पाच एकर अशीच पडीक आहेत.

ही दुसरी आज्ञा राजा एकटा देत नाही. त्याच्याबरोबर आई आहे. गौतमी बलश्री. आणि तिथं तिच्यासाठी एक विशेषण आहे, ते मी वर्गात शिकले त्या दिवशी वही मिटून घेतली होती. आता आईनं भिंतीकडं बोट करून विचारलं, "आणि हे काय लिहिलंय?" तिनं नेमकं तिथंच बोट केलं असं नाही. पण मला खोटं बोलता आलं नाही.

"जीवसुता," मी म्हटलं. "जिचा मुलगा जिवंत आहे ती."

आई काही बोलली नाही. बाहेर पाऊस पागोळ्या धरून पडत होता.

मग ती म्हणाली, "पुढं सांग."

पुढचा लेख मोठा आहे, मागच्या भिंतीवर, दाराच्या वर. त्यात आता राजा दुसराच आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी, त्याचं १९ वं वर्ष. म्हणजे गौतमीपुत्र जाऊन एवढा काळ लोटलेला. आणि त्याची आई अजून आहे. ती हे लेणं भदायनीय पंथाच्या भिक्खुसंघाला देते. त्या लेखात मुलाबद्दल ती जे लिहवून घेते, ते इतिहासाच्या पुस्तकांत येतं. त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले. त्यानं सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं केलं. हे शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलं आहे. पण त्या लांबलचक ओळींच्या मधे मधे दुसरंच काही आहे. त्याचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा होता. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. प्रजेच्या सुखदुःखात तो त्यांच्याबरोबर होता. आणि 'अविपनमातुसुसूसाक', आईच्या सेवेत ज्यानं कधी खंड पडू दिला नाही असा. शब्द कवीनं रचले असतील, कोरणाऱ्यानं कोरले असतील. पण आईच्या सेवेचं तेवढं कुणी सांगितलं, हे मला तरी उघड आहे.

आईनं विचारलं, "आणि आता स्वतःला काय म्हणवते ती?"

"राजाची आई. राजाची आजी."

"नातू होता तिला," आई म्हणाली.

"हो."

दादाचं लग्न ठरायचं होतं.

आई दालनातल्या दगडी बाकावर जाऊन बसली, तीन भिंतींना लागून एकसलग बाक आहे तिथं. मीही बसले. समोरच्या भिंतीत स्तूप कोरलेला आहे. तो लेख सांगतो की बलश्रीनं लेणं दिलं आणि तिच्या नातवानं आजीच्या या दानासाठी पिसाजिपदक नावाचं गाव लावून दिलं. म्हणजे पुन्हा तेच, नुसतं लेणं देऊन भागत नाही, त्याला पोसणारं काही मागं ठेवावं लागतं. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली, उपवास आणि नियम पाळणारी, असं तिच्याबद्दल लिहिलं आहे. एवढी वर्षं ती रोज सकाळी उठली असेल. चंद्रासारखा चेहरा आठवला असेल. आणि मग दगड किती झाला, ओसरी कुठवर आली, हे विचारलं असेल.

"किती वर्षं लागली गं हे करायला?"

"नक्की नाही. पण मुलगा गेल्यावर देईपर्यंत अठरा-एकोणीस तरी."

"मग आमची चार म्हणजे काहीच नाही," आई म्हणाली.

उतरताना पाऊस थांबला होता. पायऱ्या निसरड्या होत्या, तिनं माझा हात धरला. वाटेत कातळात पाण्याची टाकी आहेत. लेखांमध्ये त्यांना 'पोढी' म्हटलंय. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनानं, म्हणजे ग्रीकानं, १७ नंबरचं लेणं आणि पोढ्या दिल्या, आईवडिलांच्या नावानं. मुलानं आईवडिलांच्या नावानं दिलेलं तिथं पुष्कळ आहे. आईनं मुलासाठी केलेलं मात्र मला ३ नंबरमध्येच भेटलं. पाणी काठोकाठ भरलं होतं. आईनं वाकून पाहिलं.

पायथ्याशी कणसं भाजत होते. आम्ही एक घेतलं, अर्धं अर्धं केलं. रिक्षा येईपर्यंत विहाराच्या कठड्याला टेकून उभ्या होतो.

"त्या ठेवीचं," आई म्हणाली, "व्याज किती येतं वर्षाचं?"

मी आकडा सांगितला.

"एक चीवर केवढ्याला पडतं?"

"भंतेजींना विचारावं लागेल."

"विचार. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल, त्याच्या आत." ती पेरांवर मोजत होती, अंगठा करंगळीपासून सरकत सरकत तर्जनीवर येऊन थांबला. "आणि त्यातनं उरले तर औषधांना. विहारात म्हातारे भंते आहेत ते, त्यांना."

"आणि मुद्दल?"

"त्याला हात लावायचा नाही," आई म्हणाली. रिक्षा आली. चढताना तिनं आपणहून सांगितलं, "त्रिरश्मीहून सिडको."